संकटकाळातील सरकारी कर्ज: हमी कोणाला आणि हप्ता कोणाला?

साथीच्या काळात छोट्या व्यवसायावर जी वेळ येते, ती मंदीसारखी नसते. मंदीत गिऱ्हाईक हळूहळू कमी होते, मालकाला त्याची चाहूल लागते, तो माल कमी भरतो, एखादी खरेदी पुढे ढकलतो आणि कसाबसा तोल सावरतो. साथीत मात्र एका आदेशाने दार बंद होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत जगातील बहुतेक देशांत हेच घडले. काल चालू असलेला धंदा आज शून्यावर आला आणि खर्च होता तिथेच राहिला. जागेचे भाडे, कामगारांचे पगार, विम्याचा हप्ता, विजेचे किमान बिल, आधीच्या कर्जाचे व्याज यांपैकी काहीही टाळेबंदीच्या आदेशाने आपोआप थांबत नाही.

अशा वेळी व्यवसाय किती दिवस तग धरेल, हे गेल्या वर्षीच्या नफ्यापेक्षा हातातल्या रोकडीवर ठरते. अमेरिकेतील जेपीमॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने सुमारे ६ लाख छोट्या व्यवसायांच्या बँक खात्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला होता. येणारा पैसा पूर्ण थांबला तर यांतले निम्मे व्यवसाय २७ दिवसही खर्च भागवू शकणार नाहीत, असे त्यात दिसले. उपाहारगृहांच्या बाबतीत हाच आकडा १६ दिवसांचा होता. लक्षात घ्या, ही साथीच्या चार वर्षे आधीची, बऱ्या दिवसांतली स्थिती होती. संकटकाळातील कर्जयोजनांना एवढी घाई का असते आणि त्या घाईतून त्यांत कोणते दोष शिरतात, हे या २७ दिवसांच्या हिशेबावरून समजू लागते.

रोकड संपणे आणि धंदा बुडणे

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती अशी, की रोकड संपणे आणि धंदा बुडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याचे गिऱ्हाईक पक्के आहे, मालाला मागणी आहे, देण्यापेक्षा येणे जास्त आहे. पण येणे सहा महिन्यांनी हातात पडणार आहे आणि पगार या शनिवारी द्यायचा आहे. हा माणूस बुडालेला नाही, तो अडलेला आहे. त्याला कोणी सहा महिन्यांसाठी पैसे दिले तर तो ते फेडेल, व्याजही देईल आणि त्याची दहा माणसे कामावर टिकतील. कोणी दिले नाहीत तर तो चांगला चाललेला धंदा केवळ तारखा न जुळल्यामुळे बंद करील, आणि बंद केलेला धंदा नंतर पुन्हा उभा करणे किती अवघड असते हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. शिकवलेली माणसे पांगतात, जागा दुसऱ्याकडे जाते, गिऱ्हाईक नवी वाट धरते. सरकारी संकटकर्जाची सगळी कल्पना या अडलेल्या माणसासाठी आहे.

कर्ज म्हणजे उद्याच्या कमाईतून आज उचललेले पैसे. म्हणून उद्याची कमाई कशी असेल, यावर ते औषध की ओझे हे ठरते. ज्या व्यवसायाची विक्री नुसती पुढे ढकलली गेली आहे, त्याला कर्ज शोभते. कपाट विकत घ्यायचे ठरवलेला माणूस टाळेबंदी उठल्यावरही बहुधा कपाट घेतोच. पण केस कापण्याच्या दुकानाचे तसे नाही: बंद असलेल्या तीन महिन्यांत जे केस कापले गेले नाहीत, ते नंतर चौपट वेळा कापले जात नाहीत. ती कमाई कायमची गेलेली असते. अशा व्यवसायाला कर्ज दिले तर त्याचा तोटा भरून निघत नाही. तो पुढच्या चार-पाच वर्षांच्या हप्त्यांमध्ये वाटला जातो आणि त्यावर व्याजही चढते. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भेद हाच आहे, आणि बहुतेक देशांच्या योजनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे ढकललेली कमाई आणि बुडालेली कमाई यांना एकच औषध दिले गेले.

बँक मागे का हटते आणि सरकार पुढे का येते

बँक दुसऱ्यांच्या ठेवींतून कर्ज देते, म्हणून ती परतफेडीची शक्यता पाहते. त्यासाठी मागील तीन वर्षांचे ताळेबंद, उलाढाल, तारण आणि जामीनदार तपासते. साथीत या सगळ्या कागदांचा उपयोग एकाएकी संपतो, कारण मागची तीन वर्षे पुढच्या तीन महिन्यांबद्दल काहीच सांगत नाहीत. धंदा केव्हा उघडेल हे मालकाला माहीत नसते, बँकेला नसते आणि सरकारलाही नसते. अशा वेळी सावध बँक कर्ज देणे थांबवते. तिच्या एकटीच्या दृष्टीने ते बरोबरही असते. पण सगळ्याच बँकांनी एकाच वेळी हात आखडला तर अडलेले व्यवसाय खरोखरच बुडतात, ज्यांचे त्यांच्याकडून येणे आहे ते अडतात, आणि ज्या भीतीने बँकांनी हात आखडला होता ती भीती खरी ठरते.

हे चक्र तोडण्याची ताकद सरकारकडे असते, कारण एका बँकेला जो धोका पेलवत नाही तो सगळ्या करदात्यांमध्ये वाटून घेता येतो. मात्र लाखो छोट्या व्यवसायांना थेट कर्ज द्यायला सरकारकडे शाखा नसतात, माणसे नसतात आणि त्या व्यवसायांची माहितीही नसते. ती बँकांकडे असते. म्हणून बहुतेक देशांनी मधला मार्ग घेतला: पैसे बँकेने द्यायचे, आणि कर्जदाराने ते बुडवले तर त्याची भरपाई सरकारने बँकेला करायची. यालाच सरकारी हमी म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो अनेकांना महागात पडला आहे. हमी बँकेला असते, कर्जदाराला नसते. ‘शंभर टक्के सरकारी हमी’ हे शब्द ऐकून कित्येकांना असे वाटले, की हप्ते नाही भरता आले तर सरकार आपल्या वतीने भरेल. तसे होत नाही. कर्ज थकले तर बँकेला सरकारकडून पैसे मिळतात. कर्जदाराची देणी तशीच राहतात, त्याचे खाते थकीत म्हणून नोंदले जाते आणि वसुलीही चालू राहते. तारणाबाबतही शब्द नीट वाचावे लागतात. ‘नवे तारण नको’ याचा अर्थ आधी दिलेले तारण मोकळे झाले असा नसतो.

हमी किती टक्के द्यायची, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न आहे, पण सगळ्या योजनेचा स्वभाव त्यावर ठरतो. ब्रिटनमध्ये हे फार स्पष्ट दिसले. तेथे २३ मार्च २०२० रोजी जी पहिली योजना सुरू झाली, तिच्यात सरकारची हमी ८० टक्के होती. उरलेल्या २० टक्क्यांचा धोका बँकेचा, म्हणून बँका नेहमीप्रमाणे छाननी करू लागल्या, व्यवसाय तगेल याचे पुरावे मागू लागल्या, आणि मालकांकडून वैयक्तिक हमीही मागितली जात असल्याच्या तक्रारी आल्या. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारला अडीच लाख पौंडांपर्यंतच्या कर्जांसाठी वैयक्तिक हमी घेण्यास मनाई करावी लागली. तरीही सर्वांत लहान व्यवसाय रांगेतच राहिले. शेवटी ४ मे रोजी दुसरी योजना आली, बाउन्स बॅक लोन: २,००० ते ५०,००० पौंड, उलाढालीच्या कमाल २५ टक्के, व्याज २.५ टक्के, पहिल्या वर्षी हप्ता नाही आणि त्या वर्षाचे व्याज सरकारकडून, आणि बँकेला हमी १०० टक्के. उलाढाल किती, हे अर्जदाराने स्वतःच लिहून द्यायचे होते. दार एकदम उघडले. मार्च २०२१ च्या अखेरीस योजना बंद झाली तेव्हा सुमारे १५ लाख कर्जे आणि ४७ अब्ज पौंडांच्या आसपास रक्कम वाटली गेली होती.

म्हणजे बँकेवर थोडा धोका ठेवला तर ती तपासते, पण वेळ लावते. सगळा धोका काढून घेतला तर ती झटपट देते, पण तपासण्याचे तिला कारण उरत नाही. २७ दिवसांची रोकड असलेल्या व्यवसायाला दोन महिन्यांनी मिळालेले निर्दोष कर्ज काय कामाचे, हा युक्तिवाद मला पटतो. परंतु तपासणी सोडून दिली की दाराशी अडलेले लोक येतात तसेच संधिसाधूही येतात, हेही तितकेच खरे आहे.

स्वित्झर्लंडने या दोहोंमधून काढलेली वाट मला सर्वांत विचारपूर्वक वाटते. तेथे २६ मार्च २०२० पासून वार्षिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, कमाल ५ लाख फ्रँकचे कर्ज पूर्ण सरकारी हमीवर आणि सुरुवातीला शून्य टक्के व्याजाने मिळू लागले. अर्ज छोटासा, मालकाने स्वतः भरायचा, आपल्याच बँकेत द्यायचा. पण त्याच अर्जात काही वचने होती: हे पैसे खेळत्या भांडवलासाठीच वापरीन, कर्ज फिटेपर्यंत लाभांश वाटणार नाही, आणि खोटी माहिती दिली तर १ लाख फ्रँकपर्यंत दंडाची तरतूद होती. पाच लाखांवरच्या कर्जाला हमी ८५ टक्के, म्हणजे तिथे बँकेनेही आपला वाटा उचलून तपासणी करायची. लहान रकमेला वेग आणि मोठ्या रकमेला छाननी, अशी ही विभागणी होती. पहिली २० अब्ज फ्रँकची तरतूद इतक्या झपाट्याने संपू लागली, की आठवड्याभरात ती ४० अब्जांवर न्यावी लागली. प्रत्यक्षात मात्र जुलैअखेर योजना संपली तेव्हा सुमारे १७ अब्जच वापरले गेले होते.

नावाला कर्ज, प्रत्यक्षात अनुदान

अमेरिकेची मोठी योजना, पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम, वेगळ्याच विचारावर उभी होती. २७ मार्च २०२० रोजी झालेल्या कायद्याने ३४९ अब्ज डॉलर मंजूर केले, ३ एप्रिलला अर्ज सुरू झाले आणि १६ एप्रिलला पैसे संपले. तेरा दिवसांत! त्याच महिन्यात आणखी निधी मंजूर करावा लागला, आणि मे २०२१ मध्ये योजना संपेपर्यंत एकूण वाटप सुमारे ८०० अब्ज डॉलरवर गेले.

तिचे गणित असे होते. व्यवसायाच्या सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीच पट रक्कम, १ टक्का व्याजाने, तारण आणि वैयक्तिक हमीशिवाय. मासिक पगारखर्च २०,००० डॉलर असेल तर कर्ज ५०,००० डॉलर. ठरलेल्या आठवड्यांत या रकमेचा मोठा भाग पगारावर आणि उरलेला भाडे, वीज, गहाण कर्जाचे व्याज अशा मान्य खर्चांवर केला आणि माणसे व पगार कायम ठेवले, तर संपूर्ण कर्ज माफ. म्हणजे हे कर्ज प्रत्यक्षात पगारासाठीचे अनुदान होते. कर्जाचे रूप त्याला अशासाठी दिले होते, की बँकांच्या जाळ्यातून पैसे लवकर पोहोचावेत आणि अट मोडणाऱ्याकडून ते परत मागता यावेत.

कल्पना चांगली होती, पण नियम चालू योजनेतच बदलत राहिले. आधी किमान ७५ टक्के रक्कम पगारावर आणि तीही आठ आठवड्यांत खर्च करण्याची अट होती. ज्याचे दुकानच बंद आहे, त्याने आठ आठवडे माणसांना घरी बसवून पगार द्यायचा आणि दार उघडायच्या दिवशी मात्र हातात काही उरू नये, असा त्याचा परिणाम होता. ५ जून २०२० च्या दुरुस्तीने पगाराचा वाटा ६० टक्क्यांवर आणि मुदत २४ आठवड्यांवर आणली. वरील उदाहरणात आधी ३७,५०० डॉलर पगारावर दाखवावे लागत होते, ते ३०,००० पुरू लागले. ज्यांनी आधीच्या नियमाप्रमाणे घाईने खर्च केला होता, त्यांना हा दिलासा उशिरा मिळाला.

आणखी एक अडचण होती. बँका आधी आपल्या जुन्या, मोठ्या ग्राहकांचे अर्ज पुढे सरकवत होत्या. यात आश्चर्य काहीच नाही. ओळखीच्या ग्राहकाचे कागद हाताशी असतात, आणि मोठ्या कर्जाला लागणारे श्रम छोट्या कर्जाइतकेच असताना शुल्क मात्र जास्त मिळते. पाचशे कर्मचाऱ्यांची मर्यादा हॉटेल आणि उपाहारगृहांसाठी प्रत्येक ठिकाणाला वेगळी लावल्यामुळे मोठ्या साखळ्यासुद्धा पात्र ठरल्या. ज्याचे बँकेत केवळ एक साधे खाते होते आणि कर्ज कधी घेतलेच नव्हते, अशा अगदी छोट्या मालकाचा अर्ज पहिल्या तेरा दिवसांत पडूनच राहिला. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, ज्यांची नोकरी अन्यथा गेली असती अशा कामगारांपर्यंत या योजनेतील केवळ २३ ते ३४ टक्के रक्कम पोहोचली. बाकीची मालक आणि भागधारकांकडे गेली, ज्यांतील अनेकांचा व्यवसाय कर्ज मिळाले नसते तरी चालूच राहिला असता. याचा अर्थ योजना वाया गेली असा मी लावत नाही. कोण खरा अडलेला आहे हे ओळखण्याची यंत्रणा संकटापूर्वी उभी नसेल, तर संकटाच्या दिवशी सगळ्यांनाच द्यावे लागते, आणि त्याची किंमत ही असते.

ज्याच्याकडे आधीच कर्ज आहे त्यालाच कर्ज

भारताने मे २०२० मध्ये आणलेली आपत्कालीन कर्जहमी योजना, म्हणजे ईसीएलजीएस, याच अडचणीला वेगळ्या प्रकारे सामोरी गेली. कर्ज कोणाला द्यायचे हे शोधत बसण्याऐवजी जे आधीपासून कर्जदार आहेत त्यांनाच जास्तीचे कर्ज द्यायचे, असे ठरले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याची थकबाकी ६० दिवसांहून अधिक नव्हती, अशा व्यवसायाला त्या तारखेच्या शिल्लक कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज देऊ केले गेले. बँकांना राष्ट्रीय पत हमी विश्वस्त कंपनीची पूर्ण हमी होती, नवे तारण नव्हते, हमीचे शुल्क नव्हते, आणि व्याजावर बँकांसाठी ९.२५ टक्क्यांची तर बँकेतर वित्तसंस्थांसाठी १४ टक्क्यांची कमाल मर्यादा होती. सुरुवातीची तरतूद ३ लाख कोटी रुपयांची होती, ती पुढे वाढत ५ लाख कोटींवर गेली. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी २०२२ मध्ये असा अंदाज मांडला, की या योजनेमुळे सुमारे १३.५ लाख सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची खाती थकीत होण्यापासून वाचली.

या रचनेचा फायदा उघड आहे: कागदपत्रे बँकेकडे आधीच होती, त्यामुळे बँकच ग्राहकाला सांगू शकत होती की तुमच्यासाठी एवढी रक्कम तयार आहे. तोटाही तितकाच उघड आहे. ज्याने आयुष्यभर कर्ज न काढता, स्वतःच्या बचतीवर धंदा उभा केला, तो या दारातून आत येऊच शकत नव्हता. शून्याचे २० टक्के शून्यच होतात. ज्याने काटकसरीने संसार आणि धंदा सांभाळला, त्यालाच मदतीच्या दिवशी बाहेर उभे राहावे लागावे, हे मला मनापासून खटकते. रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी १ जून २०२० रोजी सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना या पोकळीचा एक छोटा कोपरा भरणारी होती: पहिले कर्ज १०,००० रुपयांचे, वेळेवर फेडल्यास व्याजात ७ टक्के सवलत आणि पुढे मोठे कर्ज घेण्याची मुभा. पण पथविक्रेता आणि बँकेचा जुना कर्जदार यांच्या मधला जो मोठा वर्ग आहे, त्याच्यासाठी फारसे काही नव्हते.

आता हप्त्याकडे पाहू, कारण खरी परीक्षा तिथे असते. आपत्कालीन कर्जाची मुदत चार वर्षांची होती आणि पहिल्या वर्षी मुद्दल फेडायचे नव्हते, फक्त व्याज द्यायचे होते. समजा एखाद्याचे जुने कर्ज ५० लाख होते, तर नवे कर्ज १० लाख. वर्षाला ९.२५ टक्क्यांनी पहिले बारा महिने दरमहा सुमारे ७,७०० रुपये व्याज जाते. तेराव्या महिन्यापासून मात्र १० लाखांचे मुद्दल उरलेल्या ३६ महिन्यांत फेडायचे असते, आणि समान हप्ता धरला तर तो सुमारे ३१,९०० रुपये होतो. म्हणजे एका महिन्यात हप्ता चौपटीहून अधिक. शिवाय जुन्या ५० लाखांचा हप्ता वेगळा असतोच. जून २०२० मध्ये कर्ज घेतलेल्याचा हा तेरावा महिना नेमका २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर लगेच आला. कर्जाच्या माहितीपत्रकात ‘एक वर्ष मुद्दलाची सवलत’ ही ओळ ठळक असते. तेराव्या महिन्याचा आकडा कोणी ठळक छापत नाही. तो मालकाने स्वतः बँकेकडून लिहून मागावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

हप्त्याची सवलत आणि हप्त्याची माफी यांतही असाच फरक आहे. सवलतीच्या काळात मुद्दलाची मागणी थांबते, व्याजाचे चाक मात्र फिरतच असते. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची जी मुभा दिली, तिच्यात न भरलेले व्याज देण्यात जमा होत गेले आणि त्या व्याजावरही व्याज लागले. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२१ च्या निकालाने व्याजावरचे व्याज आकारण्यास मनाई झाली. मूळ व्याज मात्र द्यावेच लागले.

परतफेडीचा दिवस

संकट ओसरल्यावर वर्तमानपत्रांतून या योजना नाहीशा होतात, पण व्यवसायाच्या हिशेबात त्या वर्षानुवर्षे राहतात. कॅनडाचे उदाहरण घ्या. तेथे छोट्या व्यवसायांना बिनव्याजी ६०,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळाले, आणि अट अशी होती की ठरलेल्या तारखेपर्यंत ४०,००० परत केले तर उरलेले २०,००० माफ. तारीख दोनदा पुढे गेली आणि शेवटी १८ जानेवारी २०२४ ही पक्की झाली. त्या दिवसापर्यंत ज्याने ४०,००० भरले, त्याचा हिशेब संपला. ज्याला ते जमले नाही, त्याच्यासाठी २०,००० ची सूट गेली आणि पूर्ण शिल्लक रकमेवर ५ टक्के व्याज सुरू झाले. दोघांच्या परिस्थितीत फरक कदाचित एका चांगल्या हंगामाचा असेल, पण जो जास्त अडचणीत होता त्याच्यावरच बोजा जास्त पडला. वेळेवर फेडणाऱ्याला सूट देण्यामागचा हेतू मला समजतो. तरीही एकाच तारखेची अशी उभी कडा ठेवण्यापेक्षा सूट टप्प्याटप्प्याने कमी होत गेली असती, तर अधिक न्याय झाला असता.

जपानमध्ये हा परतफेडीचा टप्पा सर्वांत ठळकपणे दिसला. शून्य व्याज आणि शून्य तारण म्हणून लोक ज्यांना ‘झिरो झिरो’ कर्ज म्हणत, त्या योजनेतून सुमारे ४३ लाख कोटी येन वाटले गेले. कर्जदाराला व्याजाची झळ सुरुवातीची तीन वर्षे जवळपास लागत नव्हती. त्या काळात दिवाळखोऱ्या विलक्षण कमी झाल्या. मग सवलत संपून परतफेड सुरू झाली, त्यात कच्चा माल महागला आणि माणसे मिळेनाशी झाली; २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या कंपन्यांची संख्या अकरा वर्षांत प्रथमच १०,००० च्या वर गेली. यातील काही व्यवसाय साथ नसती तरी बंद झाले असते आणि कर्जाने त्यांचा शेवट केवळ लांबवला. पण काही असेही असणार, की ज्यांची २०२० ची कमाई कायमची बुडाली होती आणि ज्यांना त्या वेळी कर्जाऐवजी थोडे अनुदान मिळाले असते, तर ते आज उभे असते.

ब्रिटनने याबाबत एक चांगली सोय केली: बाउन्स बॅक कर्जाची सहा वर्षांची मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवण्याचा आणि ठरावीक काळ हप्ते कमी करण्याचा किंवा थांबवण्याचा पर्याय कर्जदाराला दिला, आणि राहत्या घरावर किंवा मुख्य वाहनावर वसुलीचा हात पडणार नाही हे आधीच स्पष्ट केले. कर्ज घेताना माणसाची झोप उडते ती घर जाण्याच्या भीतीने. ती भीती दूर करणारी ओळ कोणत्याही व्याजसवलतीइतकीच मोलाची असते.

घाईची किंमत

याच ब्रिटिश योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकाच व्यवसायाने दोन बँकांत अर्ज केला आहे का, हे तपासण्याची सोय योजना सुरू झाल्यावर सुमारे महिन्याने आली, आणि तोवर निम्म्याहून जास्त रक्कम वाटून झाली होती. फसवणूक रोखण्यात सरकार कमी पडले असे म्हणत तेथील मंत्री लॉर्ड ॲग्न्यू यांनी २४ जानेवारी २०२२ रोजी उमरावांच्या सभागृहातच राजीनामा दिला. अमेरिकेत लघुउद्योग प्रशासनाच्या महानिरीक्षकांनी जून २०२३ मध्ये असा अंदाज दिला, की साथकाळातील दोन मोठ्या कर्जयोजनांतील २०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम संशयित फसवणुकीत गेली असावी. खुद्द प्रशासनाचा अंदाज मात्र ३६ अब्जांचा होता. दोन सरकारी आकड्यांत एवढी तफावत पडण्याचे कारण संशयाची खूण कशाला मानायचे यात आहे, आणि पैसे देताना माहिती नीट नोंदवली गेली नसेल, तर नंतर असेच होते.

या फसवणुकीचा भार अखेर प्रामाणिक कर्जदारावर येतो. तपास सुरू झाला की प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाते, माफीच्या अर्जांना कागद वाढत जातात, आणि ज्याने बाराशे कामांच्या धांदलीत एखादी पावती हरवली, त्याला ती हरवल्याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून अशा योजनेत अर्ज करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी केल्या पाहिजेत. कर्जाची रक्कम शक्यतो वेगळ्या खात्यात ठेवावी, म्हणजे ती कशावर खर्च झाली हे खात्याच्या उताऱ्यावरूनच दिसते. आणि अर्जावर उलाढाल, कर्मचारी किंवा पगाराचा जो आकडा लिहिला, तो कोणत्या कागदावरून काढला, त्याची प्रत अर्जालाच टाचून ठेवावी. संकटाच्या दिवशी लिहिलेला आकडा आपल्यालाही दोन वर्षांनी आठवत नाही.

कर्ज फिटले किंवा माफ झाले तरी हे कागद फेकू नयेत. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये कायदा बदलून या योजनांतील फसवणुकीबद्दल खटला भरण्याची मुदत दहा वर्षांची केली आहे. एप्रिल २०२० मध्ये घाईघाईने केलेल्या सहीचा जाब तेथे एप्रिल २०३० पर्यंत विचारला जाऊ शकतो.